माहेरच्या नावाने बी.ए.

मी बारावी झाले 2003 साली, कला शाखेतून. वडिलांनी एफवायचा फॉर्म आणून ठेवला होता, पण त्याच मे महिन्यात स्थळ आलं आणि लग्न झालं. तीन वर्षांनी मुलगा झाला. पुढं सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागले. पदवी राहून गेली ती राहूनच गेली. 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, पतसंस्था दिवसातून थोडेच तास उघडी असायची, तेव्हा हा विषय पुन्हा डोक्यात आला.

जून 2024 च्या परीक्षेला मुक्त विद्यापीठातून माझं बी.ए. पूर्ण झालं. आता पतसंस्थेच्या आमच्या शाखेतली एक मुलगी आणि शेजारच्या दोघी सारख्या विचारतात: फॉर्म कुठं भरायचा, पुस्तकं कधी येतात, नोकरी आणि घर सांभाळून जमतं का? प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमानं लिहिते.

मुक्त विद्यापीठ म्हटलं की आपल्याकडं पहिलं नाव येतं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं. 1989 पासूनचं विद्यापीठ, पुस्तकं मराठीत. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका तिथून पदवीधर झाल्या आहेत, आणि मराठीतूनच शिकायचं असेल तर मीही तेच सुचवते. मी इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, घेतलं त्याला घरचं कारण होतं. ह्यांची कंपनीत बदली होण्याची टांगती तलवार होती, तीही राज्याबाहेर. इग्नूत गाव बदललं तर अर्ज करून प्रादेशिक केंद्र आणि अभ्यासकेंद्र बदलून घेता येतं. शिवाय परीक्षा वर्षातून दोनदा, जूनला आणि डिसेंबरला. एखादा विषय राहिला तर सहा महिन्यांत पुन्हा बसता येतं, वर्ष वाया जात नाही. कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, एवढ्या अवधीत 132 श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण करायचे. सहा वर्षांची मुदत वाचली आणि छातीवरचा दगड उतरला. बदली शेवटी झालीच नाही, ही गोष्ट वेगळी.

ऑगस्ट 2021 मध्ये ऑनलाइन अर्ज भरायला बसले. फोटो आणि सही 100 केबीच्या आत, गुणपत्रिका 200 केबीच्या आत, हे सगळं मुलानं मोबाइलवर करून दिलं. अडले ते नावापाशी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन दिवस फॉर्म तसाच अर्धवट पडून होता. शेवटी गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच नाव भरलं, वडिलांच्या नावासकट आणि माहेरच्या आडनावासकट. सासरच्या नावानं पदवी हवी असेल तर नावबदलाचा पुरावा जोडावा लागतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद हाताशी असेल तरच त्या वाटेला जावं. मी सगळ्यांना हेच सांगते की फॉर्म उघडण्याआधी गुणपत्रिका, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी-शेजारी ठेवून तिन्हींवरची नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. स्पेलिंगमधला एक जास्तीचा 'ए' पुढं फार फिरवतो.

विषय निवडताना इतिहास आणि राज्यशास्त्र घेतलं. माध्यमाला हिंदी आणि इंग्रजी हे पर्याय होते, मी हिंदी घेतलं. पुस्तकं छापील नको असतील तर फीमध्ये 15 टक्के सवलत मिळते. मी छापीलच घेतली. पतसंस्थेत दिवसभर संगणकापुढं बसल्यावर रात्री पुन्हा मोबाइलवर वाचणं डोळ्यांना झेपणार नव्हतं. ती पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर मोफतही मिळतात. त्यामुळे पार्सलला उशीर झाला तरी अभ्यास अडत नाही. वर्षाची फी एकदम भरायची असते. ती माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा बरीच कमी होती.

सप्टेंबरात प्रवेश पक्का झाला, दहा आकडी नोंदणी क्रमांक आला आणि डिसेंबरात पुस्तकं. मी कामावर होते. पोस्टमनदादा पार्सल हातात धरून दारात उभे. नाव वाचून सासूबाईंना विचारलं, "ह्या नावाचं इथं कोण राहतं?" सासूबाईंनी क्षणभर विचार केला म्हणे, आणि म्हणाल्या, "आमची सूनच की ती." मी संध्याकाळी पोस्टात जाऊन पार्सल सोडवून आणलं. सवयीनं सासरच्या नावानं सही केली, मग ओळखपत्र दाखवून कोण ते समजावून सांगितलं. त्यांनी समजून घेतलं.

पहिल्या वर्षाला आठ विषय. सहा श्रेयांकांचा एक विषय म्हणजे 180 तासांचा अभ्यास धरलेला असतो, एका श्रेयांकाला 30 तास. वर्षाचे 44 श्रेयांक म्हणजे 1,320 तास. एवढा वेळ मला कधीच मिळाला नाही, हे स्पष्ट सांगते. पहाटे पाच ते साडेसहा हा माझा वेळ. रात्री जेवणं उरकून ओटा पुसला की तिथंच उभ्यानं अर्धा तास. मुलाची त्या वर्षी दहावी होती. एकाच टेबलावर समोरासमोर बसायचो, त्याची भूमिती, माझा मौर्य काळ.

आणि त्या 'काळ'नंच मला पहिला धक्का दिला. हिंदी आपल्याला येते असं वाटतं, कारण टीव्ही कळतो, बातम्या कळतात. लिहायला बसल्यावर हात मराठीच चालतो. हिंदीत 'मौर्य काल', मी लिहायची 'मौर्य काळ'. हिंदीत नीति, शक्ति, स्थिति, शेवटच्या वेलांट्या ऱ्हस्व. माझा हात प्रत्येक वेळी दुसरी वेलांटी काढणार. वाक्याच्या शेवटचा 'है' राहून जायचा. आणि शब्द तेच, अर्थ भलताच, हे तर पदोपदी. राज्यशास्त्राच्या पुस्तकात अनुच्छेद 368 खाली 'संविधान संशोधन' असं वाचलं आणि पान दोनदा वाचूनही संदर्भ लागेना. आपल्याकडं संशोधन म्हणजे रिसर्च. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. घटनादुरुस्ती हा शब्द मनात आला तेव्हा कुठं ते पान उलगडलं. 'आपत्ति' म्हणजे संकट समजून पुढं गेले, तर तिथं होता आक्षेप. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण हे माहीत असूनही वाचताना दर वेळी मन दचकायचं.

मग एक दोनशे पानी वही केली. डावीकडं हिंदी, उजवीकडं मराठी. लोकतंत्र, लोकशाही. गणतंत्र, प्रजासत्ताक. नागरिकता, नागरिकत्व. तीन वर्षांत ती वही भरली. हिंदी माध्यम घेणाऱ्या मराठी माणसानं बाकी काही केलं नाही तरी ही वही करावी. पाठांतरापेक्षा तिचा मला जास्त उपयोग झाला.

आता असाइनमेंट. गुणांतला 30 टक्के भाग असाइनमेंटचा आणि 70 टक्के लेखी परीक्षेचा, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, निदान 35 गुण. इतिहास-राज्यशास्त्राच्या असाइनमेंटची रचना ठरलेली: साधारण 500 शब्दांची दोन उत्तरं, 250 शब्दांची तीन, 100 शब्दांची पाच. सगळं स्वतःच्या हातानं कागदावर लिहायचं, टाइप केलेलं चालत नाही. म्हणजे एका विषयाचे सव्वादोन हजार शब्द. 18 वर्षांत मी लेजरमधल्या नोंदी आणि वाणसामानाची यादी सोडून सलग असं काही लिहिलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मधल्या बोटाला घट्टा पडला.

राज्यशास्त्राची पहिली असाइनमेंट मी पाच दिवस खपून लिहिली आणि ती आदल्या वर्षाच्या प्रश्नांची निघाली. कुठल्यातरी भलत्याच साइटवरून प्रश्नपत्रिका उतरवली होती, वर छापलेलं सत्र पाहिलंच नव्हतं. जमा करायला गेले तिथं रांगेतल्या एका मुलीचं लक्ष गेलं म्हणून कळलं. परत येताना वडापमध्ये, म्हणजे शेअर जीपमध्ये, खिडकीशी बसून रडले. (एसटीचा संप चालू होता, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर वडापनं.) दुसऱ्या दिवशी पहाटे उठून नवीन प्रश्न काढले आणि पुन्हा लिहायला घेतलं. चूक माझीच होती. तेव्हापासून प्रश्नपत्रिका फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्यायची, आणि पहिल्या पानावरचं सत्र लाल पेनानं गोल करायचं, हा नेम. दुसरा नेम पोचपावतीचा: असाइनमेंट देताना पोच घ्यायची, सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवायचे, आणि हे सगळं ग्रेडकार्डवर गुण दिसेपर्यंत जपायचं.

संपर्क वर्ग, म्हणजे शिकवणीचे तास, सक्तीचे नव्हते. मी पहिल्या वर्षी चार-पाचच केले, तेही ऑनलाइन. त्यातला इतिहासाचा एक तास मात्र अजून आठवतो. उत्तर कसं उघडायचं, प्रश्नातल्या 'चर्चा कीजिए' आणि 'टिप्पणी लिखिए' यांत फरक काय, एवढंच सरांनी सांगितलं. ते कळल्यावर माझे गुण वाढले.

जून 2022 ची परीक्षा प्रत्यक्षात सुरू झाली 22 जुलैला आणि चालली 5 सप्टेंबरपर्यंत. माझे आठ पेपर त्यात विखुरलेले. दर विषयाला परीक्षा शुल्क 200 रुपये, आठांचे 1,600. प्रवेशपत्र स्वतः उतरवून घ्यायचं, घरी येत नाही. सकाळचं सत्र दहाला, दुपारचं दोनला. सगळ्या पेपरांना रजा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून साहेबांना वेळापत्रक आलं त्याच दिवशी नेऊन दाखवलं आणि पाच पूर्ण दिवस, तीन अर्धे दिवस असं ठरवून घेतलं. आधी सांगितलं तर माणसं सांभाळून घेतात, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या पेपरला वर्गात माझ्या पुढच्या बाकावर एक निवृत्त फौजी होते, मागे विशीतला मुलगा. पर्यवेक्षक बाईंनी हजेरीसाठी नाव पुकारलं. माहेरचं नाव. ते नाव इतक्या वर्षांत कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. हात वर करायला मला वेळ लागला. बाईंनी दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा "हजर" म्हटलं. वडील 2015 साली गेले. त्यांचं नाव त्या वर्गात असं दोनदा घेतलं गेलं, मग पुढची दहा मिनिटं प्रश्नपत्रिकेवरची अक्षरं धूसरच दिसत होती.

आठही विषय सुटले. सर्वांत कमी गुण राज्यशास्त्राच्या सिद्धांतात, सर्वांत जास्त पर्यावरणात.

दुसऱ्या वर्षाची नोंदणी निकालाची वाट न बघता करायची असते. पुनर्नोंदणीची खिडकी ठरावीक काळच उघडी असते, आणि पेपर दिला की नाही, पास की नापास, याचा तिच्याशी संबंध नाही. आमच्या केंद्रावरचे कितीतरी जण 'निकाल लागू दे, मग बघू' म्हणत थांबले आणि सत्र चुकवून बसले. कॉलेजात निदान मैत्रिणी सांगतात, शिपाई नोटीस लावतो. इथं तारखांचं ओझं पूर्ण आपल्या डोक्यावर असतं. लवचिकपणाची ही दुसरी बाजू मला दुसऱ्या वर्षी कळली. मार्चअखेर पतसंस्थेत रात्री आठ वाजायचे, मग एप्रिल-मे नणंदेच्या मुलीच्या लग्नाची धावपळ. परीक्षेच्या फॉर्मची तारीख निघून गेली. 1,100 रुपये विलंब शुल्क भरून फॉर्म भरला, म्हणजे 1,600 च्या जागी 2,700. ते पैसे मी महिन्याच्या भिशीतून काढले. त्या दिवशी देवघराशेजारी कॅलेंडर टांगलं आणि चार तारखा त्यावर मोठ्या केल्या: पुनर्नोंदणी, असाइनमेंट, परीक्षेचा फॉर्म, प्रवेशपत्र. सासूबाईंना वाचता येत नाही, पण लाल गोल दिसला की त्या आठवण करायच्या, "तुझं काहीतरी आलंय बघ."

दुसऱ्या वर्षी अभ्यासात जीव मात्र जास्त रमला. इतिहासाचा चौथा भाग 1707 ते 1950 असा आहे. दिल्लीहून छापून आलेल्या हिंदी पुस्तकात आमचा सातारा भेटला. 1707 मध्ये शाहू महाराजांची सुटका, मग साताऱ्याची गादी, आणि 1848 मध्ये डलहौसीनं दत्तक वारस नाकारून खालसा केलेलं राज्य. ते पान वाचलं त्या रविवारी मुलाला घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेले. लहानपणापासून किल्ला बघत आले, पण खालसा होणं म्हणजे काय ते वर उभं राहिल्यावर समजलं. खाली पसरलेलं शहर ज्यांचं होतं त्यांच्याकडून ते एका कागदावर काढून घेतलं गेलं. परीक्षेत तोच प्रश्न आला नाही, पण तो भाग मला आजही न बघता लिहिता येईल.

एक विषय राहिला. तुलनात्मक शासन. 29 गुण. जून 2023 चा तो पेपर मी लग्नाच्या थकव्यात दिला होता आणि तीन प्रश्न अर्धवट सोडले होते. निकाल पाहिला तेव्हा कॅश काउंटरवर होते. दुपारभर नोटा मोजताना आकडे चुकत राहिले. घरी सांगायला लाज वाटली. मुलगा म्हणाला, "आई, डिसेंबर आहे की." त्या विषयाच्या असाइनमेंटमध्ये पास असल्यानं ती पुन्हा लिहावी लागली नाही, फक्त लेखी परीक्षा. 200 रुपये भरून डिसेंबर 2023 ला बसले. या खेपेला ब्रिटन, अमेरिका, चीन यांचे तक्ते करून भिंतीला लावले होते, तीन तासांत पाच मोठी उत्तरं कशी बसवायची याचा सराव घड्याळ लावून केला. 58 मिळाले.

तिसऱ्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हात बसला होता, आठही असाइनमेंट मार्चअखेरच्या आधीच देऊन टाकल्या. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झाल्यानं जाण्या-येण्याचा खर्चही निम्म्यावर आला होता. 7 जून 2024 ला परीक्षा सुरू झाली, जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझा शेवटचा पेपर. 24 विषयांचे 24 पेपर आणि एक जास्तीचा, मिळून परीक्षा शुल्काचे 5,000 रुपये, वर ते विलंब शुल्क.

मध्येच एकदा साहेबांनी विचारलं होतं, मुक्तची डिग्री बढतीला चालते का. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदवीशी समकक्ष धराव्यात. त्या सूचनेची प्रत काढून मी माझ्या फाइलला लावली. तुम्हीही लावा.

आता प्रवेश घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी बदलल्या आहेत. 2024 पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो आणि तो काढायला आधी एबीसी आयडी (आपले श्रेयांक जिथं जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) हवा. दोन्ही मोफत निघतात, नाव आधारशी जुळलं पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचे अभ्यासक्रमही सुरू झालेत, तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबता येतं. त्यामुळे माझे विषय आणि रचना जशीच्या तशी धरू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका पूर्ण वाचा.

पदवी आपोआप येत नाही, पदवीदानाचा फॉर्म भरून 600 रुपये द्यावे लागतात. मी तो भरला. दिल्लीला किंवा पुण्याला जाणं जमणारं नव्हतं, म्हणून पोस्टानं मागवली.

मे महिन्यात एका दुपारी पतसंस्थेच्या दारात सायकलची घंटा वाजली. तेच पोस्टमनदादा. त्यांनी काउंटरपाशी येऊन कुणाला काही न विचारता माझ्यापुढं स्पीड पोस्टचं जाड पाकीट ठेवलं. वर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पोचीचा कागद पुढं करून म्हणाले, "सही करा."

मी पेन उचललं आणि थांबले. "कुठल्या नावानं करू दादा?"

"पाकिटावर आहे त्याच."

मी तशी सही केली.